क्रिमिनॉलॉजीची फी फिटणार का, ताई?

या महिन्यात एकाच विषयावर तीन पत्रं आली. गुन्हेगारीशास्त्र, म्हणजे सगळे ज्याला क्रिमिनॉलॉजी म्हणतात ते. एक बार्शीहून, एक नागपूरहून आणि एक ठाण्याहून. तिघांचा प्रश्न एकच, एवढे पैसे घालायचे तर परत किती येणार. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

"ताई नमस्कार. मी एसटीत कंडक्टर आहे, बार्शी आगाराला. मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, ७१ टक्के पडले. तिला क्रिमिनॉलॉजीच करायचंय. पुण्याजवळ एका खासगी युनिव्हर्सिटीत चार वर्षांचा ऑनर्स कोर्स आहे, फी वर्षाला २ लाख ४० हजार, हॉस्टेल आणि मेस १ लाख २० हजार. बँक घर तारण घेऊन १० लाख द्यायला तयार आहे, साडेदहा टक्क्याने. उरलेलं मी पीएफमधून काढतो म्हणलं. माहितीपत्रकात लिहिलंय की सीआयडी, सीबीआय, जेल, बँका, फॉरेन्सिक लॅब सगळीकडे नोकऱ्या आहेत. मेव्हणे म्हणतात येडेपणा करू नका. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. काय करू?"

दादा, आधी पोरीला जेवायला बसवा, तिचा विषय वाईट नाहीये. वाईट आहे तो त्या कोर्सचा भाव, आणि तुमच्या मेव्हण्यांना तेच म्हणायचं असावं, फक्त बोलायची रीत चुकली.

हिशोब करूया. फी आणि राहणं-खाणं मिळून वर्षाला ३ लाख ६० हजार, चार वर्षांचे १४ लाख ४० हजार. त्यातले १० लाख कर्ज. हे बँक एकदम देत नाही, वर्षाला अडीच अडीच लाख देते, आणि शिकेपर्यंत प्लस एक वर्ष हप्ता मागत नाही. लोकांना वाटतं तोवर व्याजपण नाही, पण ते मुकाट चढत असतं. पहिल्या अडीच लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, असं करत सरळव्याजाने ते साधारण ३ लाख ६७ हजार होतं आणि मुद्दलात जाऊन बसतं. म्हणजे हप्ते सुरू होतील तेव्हा तुम्ही १० लाखाचे नाही, १३ लाख ६७ हजाराचे देणेकरी असाल. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला १८,४५० च्या आसपास हप्ता बसतो आणि शेवटी बँकेला गेलेले असतात २२ लाख. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर हप्ता साडेतेरा हजारावर येतो, पण कंडक्टरच्या पगारातून मुलीचा हॉस्टेलखर्च आणि वर व्याज, ते तुम्हालाच माहीत.

आता दुसरी बाजू. नुसती क्रिमिनॉलॉजीची पदवी घेऊन पहिली नोकरी कुठे लागते? माझ्या पाहण्यात सामाजिक संस्थेत, नाहीतर सरकारी योजनेत कंत्राटावर. उदाहरण देते. केंद्राची मिशन वात्सल्य योजना आहे, मुलांच्या संरक्षणासाठी, प्रत्येक जिल्ह्यात तिचा कक्ष असतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिथे समुपदेशकाला आणि सामाजिक कार्यकर्त्याला महिन्याला १८,५३६ रुपये मानधन, संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४. आणि या जागांसाठी शिक्षण काय मागतात तर समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा असली नावं. क्रिमिनॉलॉजीवालीला तिथे आपली पदवी या यादीत कशी बसते हे पटवत बसावं लागतं.

१८,५३६ मधून १८,४५० गेले तर ८६ रुपये उरतात. बार्शीच्या स्टँडवर दोघांचा चहा-नाष्टा होईल.

माहितीपत्रकात ज्या नोकऱ्या लिहिल्यात त्या खोट्या नाहीत बरं का, पण त्या या पदवीच्या नाहीत. सीआयडीत थेट पदवी घेऊन कुणी अधिकारी होत नाही, पोलीस खात्यातलेच अधिकारी तिथे बदलून जातात. मग पोलीस खात्यात शिरायचं कसं, तर एमपीएससीतून पीएसआय. त्याला कुठलीही पदवी चालते. तुमच्या गावच्या कॉलेजातली साधी बी.ए.पण चालते. मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू आणि वर भत्ते, म्हणजे पगार झकासच आहे, पण त्या परीक्षेत क्रिमिनॉलॉजीला एक मार्क जास्त नाही. उलट मुलींना उंची किमान १५७ सेंमी लागते, तेव्हा फी भरायच्या आधी लेकीला भिंतीला टेकवून उभं करा आणि पेन्सिलीने खूण करा, ते फुकट आहे. सीबीआयचा सब-इन्स्पेक्टर केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (तेही एसएससीच, पण दहावीची नव्हे) सीजीएल परीक्षेतून होतो, मूळ वेतन ४४,९००, तिथेही कुठलीही पदवी. यूपीएससीला बसायचं ठरवलं तर वैकल्पिक विषयांच्या यादीत समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, कायदा आहे, मानववंशशास्त्र आहे, क्रिमिनॉलॉजी नाही.

फॉरेन्सिकचं वेगळं सांगते कारण त्यात फार घोळ होतो. क्रिमिनॉलॉजी म्हणजे माणूस गुन्हा का करतो, समाज त्याचं काय करतो, पोलीस-कोर्ट-तुरुंग कसे चालतात याचा अभ्यास, हा मुळात समाजशास्त्राच्या घरातला विषय. फॉरेन्सिक म्हणजे रक्त, विष, ठसे, आवाज, मोबाईल तपासणं, ते विज्ञानाचं काम. आणि सध्या मागणी वाढतेय ती या दुसऱ्याची. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आलेत, त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये म्हटलंय की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, आणि हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीये. म्हणजे माणसं लागणार आहेत. पण ती बी.एस्सी., एम.एस्सी. झालेली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, तिथे बारावी सायन्स लागतं. तुमची लेक आर्ट्सची, तो दरवाजा तिला बंद आहे, आणि कोर्सच्या नावात कुठेतरी 'फॉरेन्सिक' शब्द घातलेला असला तरी आर्ट्सवालीला मुंबईत कालिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्ये कुणी घेत नाही.

आता तुम्ही म्हणाल ताई सगळं नकोच म्हणतेय. नाही हो. मी स्वतः समाजकार्य शिकताना हा विषय घेतलेला, नव्वदच्या दशकात, आणि नंतर सात-आठ वर्षं एका संस्थेतर्फे तुरुंगात काम केलं. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू आहे, शिक्षा झालेलीच नाही. त्यातला एक पोरगा आठवतो, मोबाईलचोरीचा, जामीन मंजूर होऊन पाच महिने आतच होता, कारण १५ हजाराचा जामीनदार नाही. मी त्याच्या भावाला शोधत भिवंडीला गेले, लूमच्या खटखटाटात काही ऐकू येईना, भावाने कानाशी येऊन ओरडून सांगितलं की रेशनकार्ड गावाला आहे, आणि मालक पगाराची पावती देत नाही. मग ते रेशनकार्ड पोस्टाने येईपर्यंत अजून अठरा दिवस. तो बाहेर आला तेव्हा गेटवर मी होते, त्याने मला विचारलं, मॅडम स्टेशन कुठल्या बाजूला. असं हे काम आहे. मला तेव्हा ४,५०० रुपये मिळायचे आणि ते काम मी आजही सोडलं नसतं, गुडघ्यांनी सोडायला लावलं. पण माझ्यावर कर्ज नव्हतं दादा. कर्ज असतं तर मी सहा महिन्यांत इन्शुरन्स विकायला लागले असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की क्रिमिनॉलॉजी हा वरचा मजला आहे, खाली काहीतरी बांधलेलं पाहिजे. तळाला अशी पदवी हवी जिचं नाव जाहिरातीत छापून येतं.

तुमच्या घराला मला सगळ्यात बरा वाटतो तो कायदा. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ, सीईटी द्यायची. आणि इथे एक गोष्ट तुमच्या मेव्हण्यांनाही माहीत नसेल. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखापर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी शंभर टक्के माफ केलीये, ॲडमिशन सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालं पाहिजे ही अट. एससी-एसटीसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. म्हणजे पुण्याजवळच्या त्या युनिव्हर्सिटीत २ लाख ४० हजार पूर्ण तुमच्या खिशातून, आणि सोलापुरात कॅपमधून लॉ घेतलं तर शिक्षण फी बहुतेक शून्य, किरकोळ इतर फी वगैरे धरा. पाच वर्षांनी वकील, आणि गुन्हेगारीतच रस असेल तर फौजदारी बाजू आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, काही वर्षं वकिली केली की सरकारी अभियोक्त्याची एमपीएससी आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ज्युनिअर वकील म्हणून हाल असतात, ते लपवत नाही, सिनिअर लोक पेट्रोलपुरतं देतात. पण डोक्यावर १८ हजाराचा हप्ता नसला की हाल सोसता येतात.

तिला कोर्टकचेरी नको असेल तर बी.एस.डब्ल्यू. किंवा साधं बी.ए. समाजशास्त्र-मानसशास्त्र जवळच्या अनुदानित कॉलेजातून करू दे, त्याची फी तुमच्या दिवाळी बोनसमध्ये बसेल, आणि मग मास्टर्सला देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सोशल वर्कमधलं क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस. सीयूईटी-पीजी या केंद्रीय प्रवेश परीक्षेतून प्रवेश. तिथल्याच लोकांनी १९९० मध्ये 'प्रयास' सुरू केलं, ते तुरुंगात आणि पोलीस स्टेशनात सोशल वर्कर बसवतात, या क्षेत्रात आपल्याकडे त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हाही लोन लागेल कदाचित, पण दोन वर्षांचं, आणि तोवर पोरगी एकवीस वर्षांची असेल, तिला खरंच हेच करायचंय का हे तिचं तिला कळलेलं असेल. आत्ता सतरा-अठराव्या वर्षी हे वेड टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या कार्यक्रमातून आलेलं असतं, माझंही कुठल्यातरी रहस्यकथेतूनच आलं होतं, लाजायचं कारण नाही.

आणि तरीही तिथेच जायचा हट्ट असेल तर फी भरायच्या आधी लेकीला घेऊन एकदा त्या युनिव्हर्सिटीत जा, ओपन डेला नको, साध्या मंगळवारी. माहितीपत्रकात '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलंय ना, तुम्ही फोटो पाठवलाय तो मी भिंग लावून बघितला. शंभर टक्के कशाचं, तर असिस्टन्सचं, म्हणजे मदत सगळ्यांना करू, नोकरी ज्याची त्याने बघावी. तिथे विचारा मागच्या बॅचला किती पोरं होती आणि त्यातल्या तिघांचे फोन नंबर द्या. नंबर द्यायला काचकूच केली की परतीची एसटी धरा, तुम्हाला पासच आहे. आणि पीएफला हात लावू नका हो. घराचं एकवेळ मी समजू शकते, पण तो पीएफ तुमच्या आणि वहिनींच्या म्हातारपणाचा आहे, त्यावर पोरीचाही हक्क नाही.

"ताई, मी नागपूरचा, क्रिमिनॉलॉजीच्या सेकंड इयरला ऑलरेडी आहे. चार लाख गेलेत. आता सगळे म्हणतायत स्कोप नाही. सोडून देऊ का? घरी सांगायची हिंमत नाहीये."

अरे सोडू नकोस. गेले ते चार लाख सोडलंस तरी परत येणार नाहीत, आणि अर्धवट शिकलेल्याला तर पदवी मागणारी कुठलीच परीक्षा देता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, तुझ्या कॉलेजात तशी सोय आहे का ते ऑफिसात जाऊन विचार. असेल तर चौथं वर्ष वाचव, एका वर्षाची फी वाचली म्हणजे तुझी जवळपास वर्षभराची कमाई वाचली असं समज.

उरलेल्या दीड वर्षात काय करशील ते ऐक. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणून नाव दे, पैसे किरकोळ मिळतात पण कोर्ट, जेल, पोलीस स्टेशन आतून बघायला मिळतं आणि बायोडेटावर लिहायला एक खरी ओळ येते. दुसरं, एक्सेल नीट शिक, नुसतं बेरीज-वजाबाकीचं नको, पिव्होट वगैरे, आणि थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. हसू नकोस, सांगते का ते.

माझी भाची हिंजवडीत एका कंपनीत अँटी मनी लाँडरिंगमध्ये (एएमएल) आहे, म्हणजे काळा पैसा पांढरा करणारे हुडकायचे, अमेरिकन बँकेचं काम, रात्रपाळी. बी.कॉम. आहे ती. पहिला पगार वर्षाला ३ लाख ६० हजार होता. काम काय तर कॉम्प्युटर संशयित व्यवहार काढून देतो, त्याला ते लोक अलर्ट म्हणतात, दिवसाला वीस-पंचवीस अलर्ट बघायचे आणि प्रत्येकाचं लिहायचं की हे सरळ आहे का वाकडं. मला तिने एक समजावून सांगितला (नाव-गाव न सांगता, ती फार कडक आहे त्याबाबतीत). एक माणूस चार दिवस ओळीने ९,८०० डॉलर रोख भरतोय. का? तर तिकडे दहा हजाराच्या वर रोख गेली की बँकेला सरकारला कळवावं लागतं, म्हणून हा रोज थोडा खाली राहतो. बघ, हे तर तुझ्या सिलॅबसमधलं आहे, पैशाचा गुन्हेगार कसा विचार करतो ते. तिच्या टीममध्ये बी.कॉम., एमबीए, लॉ सगळे आहेत, क्रिमिनॉलॉजीवाला एकच होता आणि तो रिपोर्ट सगळ्यात चांगला लिहायचा म्हणे, पण सुरुवातीला एक्सेलमध्ये रडला. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची केवायसी-एएमएलची सर्टिफिकेट परीक्षा असते, ती बघ, स्वस्तात होते.

मास्तरकीचा विचार करत असशील तर मास्टर्स करून यूजीसी नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, त्यात क्रिमिनॉलॉजी स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७ हजार, आणि सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून. फक्त गोम अशी की हा विषय शिकवणारे विभागच देशात मोजके, मद्रास, सागर, धारवाड असे जुने आणि आता गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी वगैरे. नेट पास होऊन जागेची वाट बघणारी माणसं मी पाहिलीत. त्यामुळे ते ध्येय ठेव, पण पोटाची सोय आधी.

आणि घरी सांग. चार लाख त्यांचे गेलेत, त्यांना माहीत असायला हवं.

"मुलाचं बी.ए. सायकॉलॉजी झालंय, त्याला यूकेला एक वर्षाचं एम.ए. क्रिमिनॉलॉजी करायचंय. फी १८,००० पाउंड. तो म्हणतो तिकडे पोलीस आणि प्रोबेशनमध्ये खूप जागा आहेत, वर्षभरात सगळं वसूल होईल. आम्ही ठाण्याचा दुसरा फ्लॅट विकायच्या विचारात आहोत."

फ्लॅट विकू नका. जागा असतील, पण तिकडच्या पोलिसांत भरती व्हायला परदेशी माणसाकडे कायमचं राहण्याचा परवाना लागतो, स्टुडंट व्हिसावर आलेल्याला तो नसतो. शिक्षणानंतर काम शोधायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, आणि १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना मास्टर्सनंतर दीडच वर्ष मिळणार. त्यानंतर थांबायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, त्याला जुलै २०२५ पासून साधारणपणे वर्षाला ४१,७०० पाउंड पगार दाखवावा लागतो, नवख्यांना सवलतीत ३३,४००. नवख्या क्रिमिनॉलॉजीवाल्याला तेवढा पगार देऊन वर व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायची, ती पण दीड वर्षात. फी आपल्या पैशात वीस लाखाच्या वर, राहणं-खाणं वेगळं, आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड वेगळा.

अमेरिकेचं विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून सांगते. तिथेही साध्या क्रिमिनॉलॉजीला शिक्षणानंतर कामाची परवानगी एक वर्षाची मिळते, फॉरेन्सिक सायन्स किंवा सायबर फॉरेन्सिक्स असेल तर ते स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांच्या, यादीत असल्यामुळे तीन वर्षांपर्यंत.

मुलाचं सायकॉलॉजी झालंय ना, मग नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत, गांधीनगरला किंवा तिच्या दिल्लीच्या रोहिणी कॅम्पसला, फॉरेन्सिक सायकॉलॉजी बघायला सांगा, सायकॉलॉजीवर तो मजला नीट चढतो. फ्लॅटचं भाडं येतंय ते येऊ द्या, तिथली फी त्यातून बरीचशी निघेल.